जे जुळले नाही त्याची नोंद

(संस्थेच्या वर्धापनदिन समारंभात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी प्रशासकाने वर्षभराचा जमाखर्च थोडक्यात सांगावा, अशी आपली प्रथा आहे. लेखापरीक्षित हिशेब अहवालात छापलेले आहेतच. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने आज मी एका संशोधनाविषयी बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. जे सांगणार आहे ते वाचनातून आणि आपल्या डॉक्टरांशी झालेल्या चर्चेतून उमगलेले आहे. परंतु या संशोधनाचा आरंभ ज्या रीतीने झाला, ती रीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला चटकन समजते. तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर तो फरक उचंत खात्यात टाकून पुढे जाणे सोपे असते. फरक का आला हे शोधण्यासाठी मात्र सगळी पाने पुन्हा उलटावी लागतात. मुंबईच्या एका रुग्णालयात अशीच पाने उलटली गेली आणि त्यातून जे निघाले त्याचा संबंध आज थेट आतड्याच्या एका चिवट विकाराशी जोडला जात आहे.

प्रथम रक्तगटांविषयी. १९०१ साली व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे गट असतात हे सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट रासायनिक खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. ए खूण असेल तर ए गट, बी असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि दोन्ही नसतील तर ओ. जी खूण आपल्या पेशींवर नसते, तिच्या विरोधातील प्रतिद्रव्ये आपल्या रक्तरसात असतात. त्यामुळे विजोड रक्त चढवले तर शरीर त्या पेशींवर हल्ला करते. शरीराने आपले कोणते आणि परके कोणते हे ओळखण्याच्या विद्येला प्रतिकारशास्त्र म्हणतात. रक्तपेढीतील रोजची तपासणी हा त्या शास्त्राचाच एक व्यवहारी भाग होय.

ओ गटाच्या पेशींवर ए नाही आणि बी नाही. म्हणून ओ रक्त कोणालाही चालते, असा समज सर्वत्र रूढ झाला. १९५२ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला आणि या समजाला तडा गेला. निबंधाचे पहिले तीन लेखक मुंबईचे होते : डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी. निबंधात तीन व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन होते. त्यांच्या पेशींवर ए आणि बी यांपैकी काहीही नव्हते. म्हणजे नेहमीच्या तपासणीत ती माणसे ओ गटाची ठरत होती. तथापि त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करीत होता. एका बाजूने ओ आणि दुसऱ्या बाजूने ओ नव्हे, अशी ही न जुळणारी तेरीज होती.

हा प्रयोगातील दोष आहे, द्रावण खराब असेल, असे म्हणून विषय संपवता आला असता. तसे झाले नाही. या कामात लंडनमधील रॉबर्ट रेस व रूथ सँगर हे रक्तगटतज्ज्ञ, तसेच वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनतज्ज्ञ सहभागी झाले. निष्कर्ष असा निघाला की ए आणि बी यांच्याही खाली एक मूळ खूण असते. तिला ‘एच’ असे नाव आहे. एच हा जणू घराचा चौथरा. त्यावर एका प्रकारच्या साखरेची वीट बसली की ए गट होतो, दुसऱ्या प्रकारची बसली की बी आणि कोणतीच बसली नाही की नुसता चौथरा राहतो. तोच ओ गट. या तीन व्यक्तींमध्ये तो चौथराच नव्हता. म्हणून त्यांच्या शरीराला ओ गटाचे रक्तही परके वाटत होते. हा रक्तगट पुढे जगभर ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आपण त्यास मुंबई रक्तगट म्हणू.

व्यवहारात याचा अर्थ फार गंभीर आहे. मुंबई गटाच्या माणसास ओ रक्त चढवले तर चढवलेल्या पेशी वेगाने फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. त्याला फक्त त्याच्याच गटाचे रक्त चालते. हा गट अप्रभावी आनुवंशिकतेने येतो, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक मिळाले तरच तो प्रकट होतो. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते आणि आते-मामे भावंडांचे विवाह आपल्या भागाला अपरिचित नाहीत. मात्र त्याच नियमाचा एक दिलासाही आहे : अशा रुग्णाच्या सख्ख्या भावाबहिणींत तोच गट सापडण्याची शक्यता सामान्यतः चारात एक असते. म्हणून जुळणाऱ्या दात्याचा शोध घरापासूनच सुरू करावा लागतो.

आणखी एक सामाजिक बाजू आहे. चौथरा नसला तरी ए किंवा बी बनवण्याची सूचना त्या माणसाच्या जनुकांत शाबूत असू शकते आणि ती अपत्याकडे जाते. त्यामुळे कागदावर ओ दिसणाऱ्या आईला किंवा वडिलांना ज्या गटाचे अपत्य होणे अशक्य मानले जाते, त्या गटाचे मूल होऊ शकते. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या अभ्यासातून हे दाखवून दिले. रक्तगटाच्या चिठ्ठीवरून एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

आता डॉ. भाटिया यांच्या पुढील कार्याकडे वळतो. कारण एका निबंधाने शास्त्र पूर्ण होत नाही, त्यामागे अनेक वर्षांची चिकाटी लागते. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. त्याचेच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. ही संस्था आजही के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. डॉ. भाटिया यांनी तिचे संचालकपद भूषविले. १९७३ साली त्यांनी व बडकेरे, जोशी आदी सहकाऱ्यांनी भारतीयांमध्ये आढळणारा आणखी एक प्रतिजन नोंदवला. तो आज ‘इंडियन’ या नावाने रक्तगटांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. १९७४ साली डॉ. भाटिया व साठे यांनी मुंबईतील पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार मुंबई रक्तगटाचे प्रमाण सुमारे ७,६०० लोकांत एक एवढे आढळले. युरोपात हेच प्रमाण सुमारे दहा लाखांत एक मानले जाते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी संकलनात अशा १७९ व्यक्तींची नोंद होती आणि त्यांपैकी ११२ महाराष्ट्रातील होत्या. मुंबईचे प्रमाण भोकरदन तालुक्यास जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु हा विषय आपल्या राज्याच्या दारातला आहे, एवढे त्यावरून निश्चित समजते.

येथपर्यंतची कथा रक्ताची झाली. तिचा आतड्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल.

दाहजन्य आंत्रविकार या नावाखाली मुख्यतः दोन व्याधी येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस या व्याधीत मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. दुसरी व्याधी क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर या डॉक्टरांनी १९३२ साली तिचे वर्णन केले. ती पचनमार्गात कोठेही होऊ शकते आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. दोन्ही व्याधींमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आतड्यातील जिवाणूंविरुद्ध अवाजवी आणि न थांबणारा लढा देते व त्यात स्वतःचेच आतडे होरपळते. महिनोन्महिने रक्तमिश्रित जुलाब, पोटात कळा, ताप, घटत जाणारे वजन आणि रक्तक्षय ही तिची लक्षणे. रुग्ण बहुधा तरुण असतो, म्हणजे घरचा कर्ता किंवा नुकतीच संसाराला लागलेली सून.

हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, असे पूर्वी मानले जाई. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील लोकसंख्येच्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण एक लाखात सुमारे ४४ एवढे आढळले आणि तो समज मागे पडला. आपल्याकडे अडचण निराळीच आहे. असा रुग्ण प्रथम ‘आव पडते’ म्हणून येतो. घरातील वडीलधारी त्याला संग्रहणी म्हणतात. औषधांच्या दुकानातून गोळ्या घेण्यात काही महिने जातात. क्रोन्स डिसीज आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे व दुर्बिणीतून दिसणारे स्वरूप इतके सारखे असते की अनुभवी तज्ज्ञांनाही निर्णय कठीण जातो. क्षय समजून क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिली तर मूळ व्याधी आत वाढत राहते. उलट क्रोन्स समजून क्षयाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइड्स दिली तर क्षय उसळतो. चूक कोणत्याही बाजूने झाली तरी किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या व्याधीची मुळे शोधताना शास्त्रज्ञ पुन्हा त्या चौथऱ्यापाशी आले. एच प्रतिजन तांबड्या पेशींप्रमाणेच लाळेत, आतड्याच्या अस्तरावर आणि त्यावरील बुळबुळीत श्लेष्म्यातही असतो. तांबड्या पेशींवर तो तयार करणारे जनुक एक आणि लाळेत व आतड्यात तो तयार करणारे जनुक दुसरे. या दुसऱ्या जनुकाला एफयूटी२ म्हणतात. ज्यांच्यात ते कार्यरत असते त्यांना स्रावक म्हणतात. युरोपीय लोकसंख्येत असे सुमारे ८० टक्के लोक असतात. उरलेले २० टक्के अस्रावक. भारतीय मुंबई गटाच्या व्यक्तींचा जनुकीय अभ्यास १९९०च्या दशकात झाला, तेव्हा त्यांच्यात पहिले जनुक बिघडलेले आणि हे दुसरे जनुक तर समूळ गळालेले आढळले. परळच्या प्रयोगशाळेत जे ‘नाही’ म्हणून नोंदले गेले होते, त्याचे कारण सुमारे चार दशकांनंतर जनुकांत असे सापडले.

२०१० साली मॅकगव्हर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अस्रावक व्यक्तींमध्ये क्रोन्स डिसीजचा धोका काहीसा अधिक असतो. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात स्रावक व अस्रावक यांच्या आतड्याच्या अस्तरावरील जिवाणूंची घडणही भिन्न आढळली. याचे कारण समजण्यास २०१४ सालच्या उंदरांवरील प्रयोगांनी मदत केली. एच प्रतिजनात फ्यूकोज नावाची साखर असते. जनावर आजारी पडून त्याचे खाणे कमी झाले की प्रतिकार यंत्रणेच्या आदेशाने आतड्याचे अस्तर ही साखर आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि उपकारक जिवाणू तीवर तग धरतात. दुष्काळात घरच्या कणगीतून गड्यांना धान्य द्यावे आणि पाऊस पडल्यावर त्यांनी शेत सांभाळावे, तसा हा व्यवहार आहे. ज्यांच्यात ही सोय नाही, त्यांच्यात जिवाणू आणि प्रतिकार यंत्रणा यांच्यातील सलोखा लवकर बिघडत असावा, असे अनुमान आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मुंबई रक्तगटाच्या माणसाला क्रोन्स डिसीज होतोच, असा याचा अर्थ मुळीच नाही. अस्रावक माणसे कोट्यवधी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ठणठणीत असतात. जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या अनेक प्रकारांपासून तर अस्रावकांना संरक्षणच मिळते. क्रोन्स डिसीजशी निगडित अशी पुष्कळ जनुके आज ज्ञात आहेत. त्यांतील एनओडी२ हे २००१ साली सापडले. एफयूटी२ हा त्या मोठ्या खतावणीतील एक खातेदार आहे. तथापि १९५२ सालच्या त्या निबंधाच्या लेखकांना आपल्या कामाचा धागा आतड्याच्या व्याधीपर्यंत जाईल अशी कल्पनाही नसेल. त्यांनी समोर न जुळणारे रक्त होते तेवढ्याचाच प्रामाणिकपणे शोध घेतला. तो शोध छापून नोंदला गेला म्हणून पुढच्यांना तो हाताशी मिळाला.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. हसनाबादसारख्या गावी संशोधन होणार नाही, असे कोणी म्हणेल. प्रयोगशाळा उभारण्याइतका निधी आपल्याकडे नाही, हे मी हिशेबनीस या नात्याने सर्वांआधी मान्य करीन. परंतु भेंडे, देशपांडे व भाटिया यांच्या कामाचा पहिला टप्पा आपल्याही आवाक्यात आहे. तो म्हणजे तपासणी पूर्ण करणे आणि जे जुळत नाही ते लिहून ठेवणे.

विश्वस्त मंडळापुढे या संदर्भात मी तीन सूचना ठेवतो. पहिली सूचना रक्तगटाच्या तपासणीविषयी. पेशींची तपासणी आणि रक्तरसाची उलट तपासणी या दोन्ही व्हाव्यात व दोहोंचे निष्कर्ष नोंदवहीत शेजारी शेजारी लिहिले जावेत. मुंबई रक्तगट पहिल्या तपासणीत लपतो आणि दुसऱ्या तपासणीत, ओ पेशींचाही समावेश असेल तर, उघडा पडतो. ही तपासणी करण्यासाठी लागणारा खर्च प्रसूतीच्या वेळी होऊ शकणाऱ्या एका अनर्थापुढे नगण्य आहे. आपल्याला रक्ताची पिशवी जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून आणावी लागते. बाळंतीण टेबलावर असताना ‘कोणतीच ओ पिशवी जुळत नाही’ असा निरोप येणे आणि हीच गोष्ट सातव्या महिन्यातच ठाऊक असणे, यांत एका जिवाचे अंतर आहे. आगाऊ कळले तर भावाबहिणींची तपासणी करता येते, तज्ज्ञ संस्थेशी संपर्क साधता येतो. मे २०२४ मध्ये शिर्डी परिसरातील एक रक्तदाता अशाच गरजेसाठी इंदूरपर्यंत मोटारीने गेला होता. असे दाते आहेत. त्यांच्यापर्यंत निरोप वेळेत पोहोचला पाहिजे.

दुसरी सूचना रक्तदात्यांविषयी. आपल्या शिबिरांतील दात्यांची यादी केवळ आभारपत्रासाठी वापरली जाऊ नये. एखाद्याचा गट दुर्मिळ आढळला तर त्याच्या लेखी संमतीने, गुप्तता राखून, ती माहिती संबंधित रक्तपेढीस कळवावी. दुर्मिळ दात्यांची राष्ट्रीय नोंदवही उभारण्याचे कामही मुंबईच्या त्याच संस्थेने हाती घेतले आहे. आपल्या गावातील एक नाव त्या नोंदवहीत गेले तर ते देशातील कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

तिसरी सूचना पोटाच्या रुग्णांविषयी. रक्तमिश्रित जुलाब चार आठवड्यांहून अधिक काळ चालू राहिले, किंवा औषधांनी थांबून पुन्हा पुन्हा उलटले, तर त्या रुग्णाचा कागद निराळ्या रंगाच्या फायलीत जावा. वजन, हिमोग्लोबिन, घेतलेली औषधे आणि त्यांचा परिणाम यांची तारीखवार नोंद त्यात असावी आणि ती फाइल घेऊनच त्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. क्षय की क्रोन्स, हा निर्णय तेथील तज्ज्ञ करतील. परंतु क्षयाच्या औषधांनी नक्की किती दिवसांत किती फरक पडला, हे त्यांना कोण सांगणार? रुग्ण प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी घेऊन नव्या दारी जातो आणि प्रत्येक दारी त्याची कहाणी पहिल्यापासून सुरू होते. ही गळती आपण थांबवू शकतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक फाइल, एक कारकून आणि सवय लागते.

मित्रहो, धर्मादाय रुग्णालय देणगीवर चालते. देणगीदार विचारतात की आमच्या पैशातून काय उभे राहिले. इमारत दाखवता येते, रुग्णवाहिका दाखवता येते. नीट लिहिलेली नोंदवही दाखवली तर कोणी फोटो काढणार नाही, तिच्यावर कोणाच्या नावाची पाटीही लागणार नाही. तरीही येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात उलट तपासणीची द्रावणे आणि अभिलेख कक्ष यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन माणसांचे न जुळलेले रक्त नोंदले, आणि त्यामुळे त्यानंतरच्या अनेक रुग्णांना चुकीचे रक्त चढवले जाणे टळले. आपल्या नोंदींतून शोध लागो वा न लागो, समोरच्या एका रुग्णाचा तरी निर्णय त्यामुळे बिनचूक व्हावा, एवढी अपेक्षा आपण निश्चित बाळगू शकतो.

आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझ्या शंकांची निरसने संयमाने केली, प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी गुठळी कशी दिसते हे काचपट्टीवर दाखवले, त्यांचा मी ऋणी आहे.  कार्यक्रमानंतर प्रयोगशाळेत रक्तगट तपासणीची सोय केलेली आहे. ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आले आहे, त्यांनी आजच नाव नोंदवून जावे.